वजनकाटा व डिव्हाइस सर्व्हर : सिरियल पोर्टच्या मांडणीचे महत्त्व

प्रस्तावना : फलटण तालुक्यातील साखरवाडीच्या नावातच साखर आहे. अशा ऊसपट्ट्यात कारखान्याच्या वजनकाट्यावरील आकडा हाच शेतकऱ्याच्या मोबदल्याचा आधार असतो. काट्याचा दर्शक हा आकडा बहुधा आरएस-२३२ या सिरियल जोडणीतून पाठवितो. ही जोडणी सामान्यतः सुमारे १५ मीटरपर्यंतच वापरली जाते. म्हणून काट्याजवळ डिव्हाइस सर्व्हर बसवून माहिती नेटवर्कद्वारे कार्यालयातील संगणकाकडे नेली जाते.

मांडणी : डिव्हाइस सर्व्हरच्या पोर्टवरील बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट व फ्लो कंट्रोल या बाबी दर्शकाशी जुळणे आवश्यक असते. बॉड रेट चुकल्यास सर्वच अक्षरे विस्कळीत होतात व दोष तत्काळ लक्षात येतो. पॅरिटीतील चूक मात्र फसवी असते. दर्शक ७ डेटा बिट व सम पॅरिटी वापरीत असताना पोर्टवर ८ डेटा बिट व पॅरिटी नाही अशी मांडणी केल्यास, १ स्टॉप बिट धरून दोन्हींची चौकट १० बिटांचीच राहते. पॅरिटी बिट हा आठवा डेटा बिट म्हणून वाचला जातो. परिणामी ०, ३, ५, ६, ९ हे अंक शुद्ध येतात. १, २, ४, ७, ८ बिघडतात. अनोळखी चिन्हे गाळणाऱ्या प्रणालीत १२३५० किलोचे ३५० होऊ शकतात.

निष्कर्ष : पोर्टची मांडणी दर्शकाच्या माहितीपुस्तिकेनुसारच करावी. त्यानंतर शून्यासह दहाही अंक येतील अशी निरनिराळी वजने घेऊन दर्शक व संगणक यांवरील आकडे ताडून पाहावेत. एकच वजन बरोबर आले, एवढ्यावरून मांडणी निर्दोष ठरत नाही.