खंडाळ्याच्या कारवीचे फादर

कारवीचं फूल कागदात दाबून वाळवलं की त्याचा जांभळा रंग टिकत नाही. काही दिवसांत ते तपकिरी पडतं. म्हणून रंग झाडासमोर उभं राहूनच वहीत टिपून घ्यावा लागतो. झुडूप किती उंच होतं, उतार कसा होता, जमीन कातळाची की मातीची, हेही तिथेच लिहायचं. कारण कागदावर चिकटवलेली फांदी यातलं काहीच सांगू शकत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, असे लाखाहून अधिक नमुने आहेत. त्यांतल्या खंडाळ्याच्या चिठ्ठ्यांवर एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं : एच. सांतापाव.

हर्मेनेगिल्ड सांतापाव हे जेझुइट धर्मगुरू. जन्म १९०३ सालचा, स्पेनमधल्या तारागोना प्रांतातला. त्यांनी लंडनला वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९४० मध्ये ते झेवियर्समध्ये शिकवू लागले. ज्या वर्षी त्यांचा जन्म झाला, त्याच वर्षी एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट मुंबईत उतरले होते. १९०६ मध्ये ब्लॅटर यांनी या संग्रहाची सुरुवात केली. १९३४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं आणि सहलेखक मॅकॅन यांच्यासोबत लिहिलेलं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं. ब्लॅटर यांचं काम असं त्यांच्यामागेही चालू राहिलं, आणि सांतापाव यांच्या हाती आलं ते हेच काम.

जेझुइटांचं खंडाळ्याला सुटीचं घर होतं. फादर सुटीला तिथे जात आणि घाट पालथा घालत. नागफणीच्या बाजूचे कडे, रेल्वेच्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या आसपासचं रान, पठारं, ओढे. आणि हे सगळं एकदा नव्हे, तर वेगवेगळ्या ऋतूंत, वर्षानुवर्षं. यातली मेहनत कळायची असेल तर जुलैतलं खंडाळा डोळ्यांसमोर आणावं. धुकं खिडकीतून थेट खोलीत शिरतं, कपडे आठवडाभर सुकत नाहीत. अशा हवेत गोळा केलेल्या फांद्या टिपकागदाच्या थरांत घालून दाबायच्या, ओलावलेले कागद रोज बदलायचे, काढलेले शेकोटीवर शेकून पुन्हा वापरायचे. एक दिवस चुकला की पानांवर बुरशी चढते, आणि ती फांदी निकामी होते. पण आपल्याकडची कितीतरी रोपं पावसाळ्याच्या त्या तीन-चार महिन्यांतच उगवतात, फुलतात आणि मरून जातात. डिसेंबरात येणाऱ्या अभ्यासकाला ती दिसतच नाहीत. सांतापाव यांचा ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ हा ग्रंथ १९५३ मध्ये आला आणि १९६७ पर्यंत त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. पुरंदरच्या वनस्पतींची नोंद त्यांनी १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षं केली. एका किल्ल्याला बारा वर्षं देणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

कारवीसाठी तर बारा वर्षंही कमीच. सह्याद्रीच्या उतारांवर माणसाहून उंच वाढणारं हे झुडूप सात-आठ वर्षं नुसती पानं काढतं. मग एका पावसाळ्याअखेर सगळा उतार एकदम फुलतो, मधमाश्यांची झुंबड उडते, बी धरतं आणि झुडपं मरतात. फळं वाळून तशीच राहतात. नंतर ती तडतडत फुटतात, बिया उडतात आणि पावसात रुजतात. मेलेल्या झुडपांच्या काठ्या आपल्या लोकांच्या कुडांच्या कामी येतात; कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचं लिंपण म्हणजे सह्याद्रीतली जुनी भिंत. पण हा फुलोरा सगळीकडे एकाच वर्षी येत नाही. एक डोंगर यंदा फुलतो, दुसरा आणखी दोन वर्षांनी. त्यामुळे ‘कारवी फुलली’ एवढ्या नोंदीला अर्थ नाही. कुठल्या उतारावर, कोणत्या साली, हे हवं. सांतापाव यांनी अशा एकदम येणाऱ्या फुलोऱ्यांवर, कारवीसारख्या झुडपांच्या आणि बांबूंच्या फुलोऱ्यांवर, १९६२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. तीस वर्षं एका घाटाकडे पाहिलं तरी कारवीचे जेमतेम चार फुलोरे पदरी पडतात. अशा विषयात घाई चालत नाही. एकाच जागी, फार काही न घडणाऱ्या वर्षांतही परत परत जावं लागतं. रोज त्याच वेळी तीच प्रार्थना करणाऱ्या माणसाला हे जमलं, याचं मला नवल वाटत नाही.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची १९५४ मध्ये पुनर्रचना झाली, त्या काळात सरकारने फादरांना तिथे बोलावलं. पुढे ते संचालकही झाले. १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. कारवीच्याच कुळातल्या एका वनस्पतीला अभ्यासकांनी त्यांच्या नावावरून ‘सांतापावा’ हे नाव दिलं. पुढे शास्त्रज्ञांनी ती दुसऱ्या प्रजातीत घातली. वर्गीकरणात असं होतच असतं, आणि फादर स्वतः नावं तपासण्यात काटेकोर होते. १३ जानेवारी १९७० रोजी ते गेले.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८ मध्ये फुलली, मग २०१६ मध्ये, मग २०२४ मध्ये. आता तिथे नुसती पानं आहेत. पुढचा फुलोरा २०३२ साली अपेक्षित आहे.