कण्हेरीची ओळख व तिचें विष

मोरा बंदराकडील रस्त्यालगत, घरांच्या आवारांत व देवळापाशीं कण्हेर फुललेली दिसते. खारा वारा तिला मानवतो, पाणी थोडें पुरतें आणि गुरें तोंड लावीत नाहींत, म्हणून कुंपणास लोक ती पसंत करतात. गुरें तोंड कां लावीत नाहींत, हा विचार मात्र २०२२ सालच्या उन्हाळ्यापर्यंत आम्हींही केला नव्हता.

त्या वैशाखांत आम्हीं आवारांतील कण्हेर छाटून डहाळ्या भिंतीबाहेर टाकल्या. हिरवा पाला कडू लागतो. सुकल्यावर जनावर तो सहज खातें, आणि विष मात्र तसेंच राहतें. शेजारच्या बाईंच्या दोन शेळ्यांनीं तो खाल्ला. लाळ, हगवण, अडखळती नाडी, गार पडलेले पाय. एक रात्रींच गेली, दुसरी पशुवैद्य येईतों. जन्मभर दुसऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे लिहिले. हा आमच्यानें लिहवला नसता. किंमत भरून दिली, परंतु एक शेळी गाभण होती.

संस्कृतांत हिचें एक नांव करवीर, दुसरें अश्वमारक. घोड्याबैलासही दहावीस पानें पुरतात. ओलियांड्रिन नामक विष हृदयाचे ठोके बिघडवितें. मूळ, साल, पान, फूल, बीं सर्व विषारी; जाळल्यास धूरही बाधतो.

तांबड्या, गुलाबी वा पांढऱ्या कण्हेरीचीं पानें लांबट व चिवट, बहुधा एका पेऱ्यावर तीन येतात. मधली शीर ठळक, शेंगा जोडीनें. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही निराळी, मूळची अमेरिकेंतील. पान अरुंद व चकचकीत, मोडतां पांढरा चीक निघतो. फळ हिरवें, पिकल्यावर काळें, आंत कठीण त्रिकोणी बाठा. ह्याच बिट्ट्यांनीं आम्ही लहानपणीं खेळत असूं! श्रीलंकेंत १९८० नंतर ह्या बियांनीं विषबाधा झालेले हजारों रोगी रुग्णालयांत आले. केरळांत एका तरुणीच्या मृत्यूनंतर त्रावणकोर देवस्वम बोर्डानें मे २०२४ मध्यें नैवेद्य व प्रसादांत कण्हेरीचीं फुलें वापरणें बंद केलें.

झाडें उपटावींत असें आमचें म्हणणें नाहीं. छाटणी मात्र त्याच दिवशीं गोठ्यापासून दूर, खोल खड्ड्यांत पुरावी. वैरण कापण्याचा कोयता तिला लावूं नये. हौदाच्या कांठीं ती नसावी. जनावरानें खाल्ल्याचा संशय येतांच काढ्यांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें, जनावर चालवूं नये व उरलेला पाला दाखवावा.

आमची कण्हेर अद्याप उभी आहे. छाटणीचे दिवशीं शेजारच्या बाई स्वतः येऊन खड्डा पाहून जातात.