एकट्याने की चौघांत?

विद्यार्थी मित्रांनो, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबतो. तेथे त्याचे त्वरण किती? 'शून्य' असे लिहिले असेल, तर उत्तर चुकले. पण तुम्ही एकटेच अभ्यास करीत असाल, तर ही चूक दाखवणार कोण?

असाच प्रश्न अमेरिकेत युरी ट्रीझमन या गणितज्ञांपुढे उभा राहिला. १९७०च्या दशकात ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. तेथे कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या प्रमाणात नापास होत. तयारी कच्ची, घरची गरिबी, जिद्द नाही, अशी कारणे प्राध्यापक देत. ट्रीझमन यांनी ती तशीच मान्य केली नाहीत. त्यांनी २० कृष्णवर्णीय व २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात, हे प्रत्यक्ष पाहिले.

काय आढळले? कृष्णवर्णीय मुले कष्टाळू होती. घरच्यांचा पाठिंबाही होता. पण बहुतेक सारी एकेकटी अभ्यास करीत. चिनी वंशाची मुले आधी स्वतः गणिते सोडवीत, मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत.

१९७८ साली ट्रीझमन यांनी कार्यशाळा सुरू केली. ती कच्च्या मुलांची शिकवणी नव्हती. उलट, नेहमीपेक्षा अवघड गणिते तेथे लहान गटांना दिली जात. कार्यशाळेतील कृष्णवर्णीय विद्यार्थी गुणांमध्ये कार्यशाळेबाहेरच्या गोऱ्या वर्गबंधूंच्याही पुढे गेले! १९९२ साली ट्रीझमन यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात त्यांनी हेच कार्य पुढे वाढवले.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या खेड्यातल्या मुलांना मी बरीच वर्षे 'कच्ची' समजत आलो. हे काम वाचल्यावर मनात आले, ती मुले अभ्यासाला कोणाबरोबर बसतात? मला ठाऊक नव्हते. शिक्षकबंधुभगिनींनो, तुम्हांला ठाऊक आहे का?

आता चेंडूकडे वळू. त्वरण शून्य असते, तर थांबलेला चेंडू तेथेच राहिला असता! म्हणून त्या बिंदूवरही त्वरण खालच्या दिशेने सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढेच असते. या रविवारी पाच अवघड उदाहरणे आधी एकट्याने सोडवा. मग चौघे जमून पडताळा. नुसते उत्तर सांगू नका, पायरी समजावा. आणि वर्गात ज्याला कोणी बोलावत नाही, त्याला आठवणीने बोलवा.