ट्राउट, गळ आणि गार पाणी

आजचा विषय वाचून नेहमीच्या श्रोत्यांना थोडं नवल वाटलं असेल. कोल्हापुरात ट्राउट माशाचं काय काम? हा मासा रंकाळ्यात नाही, पंचगंगेत नाही, राधानगरीच्या धरणातही नाही. पण मे महिना आला की आपल्या गल्लीगल्लीतून कुटुंबं कुलू-मनालीला, काश्मीरला, उटीला निघतात. तिथे हॉटेलात ताटात ट्राउट येतो. नदीकाठी एखादा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून लांबच लांब दोरी हवेत मागे-पुढे फिरवताना दिसतो. मुलं विचारतात, हे काका नक्की काय करताहेत? आणि घरी परतल्यावर मोठ्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतं, हा मासा आपल्याकडच्या ओढ्यात सोडला तर जगेल का? आज आपण या दोन प्रश्नांची उत्तरं पाहू.

आधी मासा समजून घेऊ. ट्राउट मूळचा भारतातला नाही. आपल्याकडे त्याच्या दोन जाती दिसतात. अंगावर तांबडे-काळे ठिपके असलेला तपकिरी ट्राउट युरोपातला, आणि कुशीवर गुलाबी पट्टा असलेला रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. इंग्रज अधिकाऱ्यांना हिंदुस्थानातही आपल्या गावासारखी मासेमारी हवी होती. 1863 मध्ये फ्रान्सिस डे यांनी निलगिरीत ट्राउट आणायचा प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरसाठी 1899 मध्ये बोटीने निघालेली अंडी वाटेतच मेली. 1900 मध्ये स्कॉटलंडहून आलेली खेप मात्र जगली. श्रीनगरजवळ हरवानला त्यांची पैदास सुरू झाली. तिथून 1909 च्या सुमारास मासा कुलू खोऱ्यात, कटराईनला पोचला. निलगिरीतही पुढे अव्हलांच इथे पैदास केंद्र उभं राहिलं. आज हिमाचलात तीर्थन, सैंज, बरोटची ऊहल, रोहडूची पब्बर आणि काश्मीरमध्ये लिद्दर, सिंध, ब्रिंगी या नद्या ट्राउटसाठी ओळखल्या जातात.

आता या सगळ्या जागांत सारखं काय आहे? गार, वाहतं, दगडांवरून उड्या मारत जाणारं पाणी. ट्राउटला साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. 20 च्या वर गेलं की तो खाणं कमी करतो, सुस्तावतो. 25 च्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. याचं कारण प्राणवायूत आहे. पाणी जितकं गार, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. समुद्रसपाटीचा हिशेब धरला तर 10 अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 20 अंशांना 9.1 आणि 30 अंशांना साडेसात. म्हणजे पाणी तापलं की हवा कमी होते, आणि नेमकं त्याच वेळी माशाच्या शरीराची हवेची गरज वाढते. उत्पन्न घटावं आणि खर्च वाढावा, तसं.

आपल्या सह्याद्रीत ट्राउट का नाही, याचं उत्तर इथेच मिळतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. मनाली गावच मुळी दोन हजार मीटरच्या वर आहे, आणि तिच्या डोक्यावर बर्फ आहे. आपल्या नद्यांच्या डोक्यावर पाऊस आहे, तोही चार महिने. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी पावसाळ्यात उसळतात, आणि एप्रिल-मे मध्ये डोहांत साठलेलं पाणी सहज 25 अंशांच्या पुढे जातं. तिथे ट्राउटचं पिल्लू उन्हाळा काढणार नाही.

आता नदीत उभ्या असलेल्या काकांकडे वळू. आपण लहानपणापासून पाहिलेला गळ कसा असतो? काठी, दोरी, शिशाचं वजन, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. फेकताना जड असतं ते वजन, दोरी त्याच्या मागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटं आहे. आमिष म्हणजे कोंबड्याची पिसं आणि दोरा गळाभोवती गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजनच नाही, फुंकर मारली तर उडेल. मग ती तीस-चाळीस फूट जाणार कशी? म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. दोरी जाड, लेप दिलेली. तिला नंबर असतात. पाच नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात. काठीही त्याच नंबरची हवी, नाहीतर ती नीट वाकत नाही. दोरीच्या टोकाला पुढे बारीक होत जाणारा नऊएक फुटांचा पारदर्शक धागा, आणि त्याला माशी.

फेकण्याची रीत आपल्याकडच्या माणसाला समजवायला सोपी आहे. बैलगाडीवाल्याचा आसूड आठवा. आसूड मागे गेला, पूर्ण उलगडला, की मगच पुढे आणायचा. इथेही तेच. घड्याळाचा काटा डोळ्यांपुढे आणा. काठी दहाच्या जागेवरून एकच्या जागेपर्यंत न्यायची, थांबायचं, मागे दोरी सरळ होऊ द्यायची, मग पुढे. फरक इतकाच की आसुडाचा फटाका वाजला तर वाहवा होते, इथे फटाका वाजला तर माशी तुटून गेली असं समजायचं. शिकाऊ माणूस ताकद लावतो आणि थांबायचं विसरतो. बारा वर्षांची मुलगी वडिलांच्या आधी शिकते ती यामुळेच, तिला ताकद दाखवायची नसते.

पण फेकणं हा अर्धा भाग झाला. बाकी अर्धा म्हणजे पाणी वाचणं. ट्राउट प्रवाहाच्या दिशेला तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारं अन्न टिपतो. भर धारेत राहिला तर दमेल, संथ पाण्यात राहिला तर अन्न येणार नाही. म्हणून तो दोन्हींच्या सीमेवर सापडतो. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, खळाळ संपून डोह सुरू होतो तिथे, काठाखाली पाणी आत शिरलेलं असतं तिथे. त्याचं तोंड वरच्या अंगाला, म्हणून आपण खालच्या अंगाने, सावली पाण्यावर न पाडता जायचं.

आणि माशी कोणती बांधायची हे कसं ठरवायचं? वाकून पाण्यातला एक दगड उलटा करायचा. त्याच्या तळाशी बारीक जीव चिकटलेले दिसतात. शेपटीला केसांसारखे तीन धागे असलेलं मेफ्लायचं पिल्लू, वाळू-काड्यांचं घर अंगावर घेऊन राहणारी कॅडिसची अळी. ट्राउटचं रोजचं जेवण तेच. त्याच्यासारखी दिसणारी माशी डबीतून निवडायची. मुलांसोबत जाणार असाल तर एक सांगतो. मासा लागो न लागो, दगड उलटा करून पाहणं सोडू नका, आणि पाहून झाल्यावर तो होता तसा ठेवा. त्याच्याकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

सहलीला निघण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या करा. परवाना लागतो. हिमाचल आणि काश्मीर, दोन्हीकडे तो मत्स्य विभाग देतो. किती मासे, केवढे, कुठल्या टप्प्यात, हे नियम परवाना घेतानाच विचारून घ्या. हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो अंडी घालायचा काळ. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी आधी तारीख पाहावी. सगळ्यांनी टोपी आणि चष्मा घालावा, पोरांनी तर घालावाच, कारण गळ हवेतून कानाजवळून जातो.

मासा सोडून द्यायचा असेल तर गळाचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाका. हात ओले करून मग धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग शिरतो. फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर मिनिटभर धरू नका. धावून आलेल्या माणसाचं नाक दाबण्यासारखं आहे ते.

सर्वांत महत्त्वाचं, पाण्याची भीती बाळगा. बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं, गढूळही होतं, म्हणून सकाळची वेळ चांगली. त्याहून मोठा धोका धरणाच्या दारांचा. 8 जून 2014 रोजी हिमाचलात थलौटजवळ ब्यास नदीच्या पात्रात हैदराबादचे विद्यार्थी फोटो काढत होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं आणि 24 विद्यार्थी वाहून गेले. नदी दिसायला उथळ होती. म्हणून वीजप्रकल्पाच्या खालच्या पात्रात कुटुंब घेऊन उतरू नये, स्थानिक माणूस नको म्हणाला तर वाद घालू नये, आणि भोंगा ऐकू आला की सामान तिथेच टाकून काठ गाठावा.

आता दुसरा प्रश्न. ट्राउट जगणार नाही हे कळलं, मग दुसरा एखादा मासा आणून सोडावा का? चिलापी आपण सगळे ओळखतो. मूळचा आफ्रिकेतला, आज आपल्या तळ्यांत आणि धरणांत भरून राहिलेला. सोडणं सोपं असतं, परत काढणं जमत नाही. आणि बाहेरचा म्हणजे परदेशीच असावा लागतो असंही नाही. आपल्या सह्याद्रीचा स्वतःचा नामांकित मासा आहे, महसीर. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली आणि लोकांच्या तोंडचं नाव घेऊन त्याला 'खुद्री' म्हटलं. धरणांमुळे तो कमी होऊ लागला तेव्हा 1970 च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. काम मोलाचं. पण हीच पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीपासून तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर होता. आपला मासा तिथे फोफावला, तिथला हटत गेला. 2018 च्या जागतिक यादीत कावेरीचा महसीर नष्ट होण्याच्या अगदी काठावर नोंदला गेला, आणि आपला खुद्री 'फारशी चिंता नाही' या गटात. एका नदीचा हिरा दुसऱ्या नदीत उपरा ठरला.

महसीर जपायची आपली जुनी रीत वेगळी होती. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. तिथले मासे देवीचे, म्हणून कोणी धरत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे इथेही देवस्थानाच्या डोहात मासे असेच राखलेले आहेत. श्रद्धा कोणाची असो नसो, परिणाम पाहा. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मासे खोल डोहांत गोळा होतात. तेच डोह राखले, की पुढच्या पावसाळ्यासाठी बियाणं शिल्लक राहतं.

आणि आता आपली पंचगंगा. तिच्यात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या उन्हाळ्यात आपण वर्षानुवर्षं वाचतो. मघाचा प्राणवायूचा हिशेब इथे लावून पाहा. कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे घातले की पाणी थांबतं. शेतीला ते हवंच. पण थांबलेलं पाणी तापतं. त्यात सांडपाणी, मळी, कारखान्याचं पाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू खातात. बरगे काढले की ते काळं पाणी एकदम खाली सरकतं आणि पुढच्या टप्प्यातले मासे तडफडून वर येतात. चिलापीसारखा चिवट मासाही जिथे मरतो, तिथे पाण्यात काय उरलं असेल?

म्हणून सुट्टीवरून येताना मासा आणू नका, ती दगड उलटा करायची सवय आणा. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी कासारी किंवा कुंभीच्या वरच्या अंगाला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, उथळ खळाळात जा. शेपटीला तीन धागे असलेली ती पिल्लं सापडली तर पाण्यात प्राणवायू आहे. मग शहराच्या खालच्या अंगाला तसाच एक दगड उलटा करा. तिथे बाकी काही न दिसता फक्त बारीक लाल अळ्या दिसल्या, तर पाणी गुदमरतंय असं समजा. तारीख, जागा, काय दिसलं, एवढं वहीत लिहा. चार शाळांनी वर्षभर अशी वही ठेवली तर पुढच्या वेळी मासे मेले म्हणून निवेदन द्यायला जाताना आपल्या हातात मेलेल्या माशाच्या फोटोखेरीज आणखी काही असेल.

प्रश्नोत्तरांसाठी थोडा वेळ राखून ठेवला आहे. आमच्याकडे माश्यांची डबी आणि एक काठी आहे, पोरांनी पुढे येऊन पाहावी. काठी मैदानातच फिरवायची, इथे सभागृहात नको.