राज्यपुष्पे आणि त्यांची कुले

कुल म्हणजे एकमेकींशी नाते असलेल्या प्रजातींचा (जीनसांचा) समूह. हे नाते मुख्यतः फुलाफळांच्या रचनेवरून आणि अलीकडे जनुकीय पुराव्यावरून ठरवले जाते.

- ताम्हण (महाराष्ट्र): चुणीदार पाकळ्यांचे हे जांभळे फूल मेंदीच्या कुलातील, म्हणजे लिथ्रेसीतील असून डाळिंबाचाही समावेश आता त्याच कुलात होतो.

- कमळ (कर्नाटक): वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने 1753 मध्ये कमळाला कुमुदाच्याच प्रजातीत ठेवले होते, परंतु कमळाचे कुल (नेलम्बोनेसी) स्वतंत्र असून त्यात आज एकच प्रजाती उरली आहे, 1998 च्या आवृतबीज वर्गीकरणाने, म्हणजे सपुष्प वनस्पतींच्या जनुकाधारित मांडणीने, हे कुल चिनार वृक्षाच्या गणात नेले, त्यामुळे पाण्यातील सहवास असूनही कमळ आणि कुमुद दूरचे ठरतात.

- ब्रह्मकमळ (उत्तराखंड): नावात कमळ असले तरी कुल सूर्यफुलाचे (अ‍ॅस्टरेसी), महाराष्ट्रातील कुंड्यांत रात्री उमलणारे ‘ब्रह्मकमळ’ मात्र निवडुंगाच्या कुलातील अमेरिकी वनस्पती आहे.

- बहावा (केरळ), पळस (उत्तर प्रदेश, झारखंड), तरवड (तेलंगण): तिन्हींचे फळ शेंग, आणि कुलही एकच, शिंबी (फॅबेसी).

- कळलावी (तमिळनाडू): पूर्वी लिलीच्या कुलात गणली जाणारी ही विषारी वेल आता कोल्चिकेसी कुलात मोडते, तर मणिपूरची शिरुई लिली खऱ्या लिली कुलातील (लिलिएसी) आहे.

- द्रौपदीवेणी (आसाम, अरुणाचल प्रदेश): ऑर्किडेसी, सिक्कीमचे डेंड्रोबियमही याच कुलातील.