बोनस कुणाचा, बोटे कुणाची?

दिवाळी जवळ आली की आमच्या ठाण्यात एक बातमी ठरल्यासारखी येते. महापालिका कर्मचाऱ्यांना यंदा सानुग्रह अनुदान किती? युनियनची मागणी एक असते, प्रशासनाची तयारी दुसरी, आणि दोन-तीन बैठकांनंतर मधलाच कुठलातरी आकडा जाहीर होतो. शेजारच्या मुंबई महापालिकेने २०२४ साली २९ हजार दिले, २०२५ साली ३१ हजार. मग वाचकांची पत्रे येतात. सूर एकच : कामाच्या नावाने शंख, आणि बोनस कसला मागता?

मला या बोनसचा राग येत नाही. चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्याच्या घरी चकलीची भाजणी त्या पैशांतून येत असेल तर येवो बापडी. माझ्या डोक्यात घोळतो तो प्रश्न वेगळा आहे. ज्या खिडकीवर पांगळा, आंधळा, बोटे तुटलेला माणूस हक्काचे पैसे मागायला उभा राहतो, त्या खिडकीमागच्या माणसाला बोनस द्यायचा तर तो कशाबद्दल द्यायचा?

बोनसचे आपल्याकडचे मूळ कारखान्यात आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२४ साली बोनससाठीच संप केला होता. पुढे १९६५ चा बोनस कायदा आला आणि किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के ही चौकट ठरली. सरकारी नोकर मात्र त्या कायद्यातून वगळलेले होते. त्यांच्यासाठी वेगळ्या युक्त्या निघाल्या. रेल्वेला उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळतो, कारण तिथे टन आणि किलोमीटर मोजता येतात. ज्या खात्यांत असे काही मोजता येत नाही, त्यांच्यासाठी केंद्राने उत्पादकतेशी न जोडलेला तदर्थ बोनस काढला. नावच मोठे प्रामाणिक आहे! २०१४-१५ पासून त्याचा हिशेब महिना ७,००० रुपये धरून होतो आणि तीस दिवसांचे ६,९०८ रुपये हातात पडतात. २०२४-२५ सालच्या आदेशातही तोच आकडा होता. राज्य सरकारच्या नोकराच्या नशिबी एवढेही नाही. त्याला मिळतो तो सण अग्रिम, आणि तो दहा हप्त्यांत पगारातून परत कापला जातो.

म्हणजे आपल्याकडे दावा मंजूर केला काय किंवा नाकारला काय, दिवाळीच्या पाकिटात फरक पडत नाही. ही व्यवस्था गचाळ वाटेल, पण तिच्यात एक मोठे शहाणपण दडलेले आहे. ते कळायला थोडे ब्रिटनकडे पाहावे लागते.

तिथे अपंगांचे भत्ते ज्या खात्याकडे आहेत, तिथल्या नोकरांना कामगिरीवर बोनस मिळत आले आहेत. दावा नाकारला गेला तर अपिलाआधी खात्यानेच त्याचा फेरविचार करायचा, अशी तिथली पद्धत. २०१७ साली माहितीच्या अधिकारातून बाहेर आले की या फेरविचारासाठी खात्याने एक लक्ष्य आखले होते : शंभरांतले ऐंशी मूळ निर्णय कायम राहिले पाहिजेत. फेरविचार करायला बसलेल्या माणसाला उत्तर आधीच सांगून ठेवलेले! गंमत अशी की हेच दावे पुढे स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा निम्म्याहून अधिक अर्जदार जिंकत होते. गदारोळ झाला आणि ते लक्ष्य काढून टाकावे लागले. एखाद्या कारकुनाने लाच खाल्ली तर तो पकडता येतो. इथे कुणी काही खाल्ले नव्हते. फक्त कोष्टकातला एक रकाना चुकीच्या जागी आखला होता.

आता आपल्या वागळे इस्टेटकडे येऊ. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींत या वागळे इस्टेटचे नाव येते. तीन हात नाक्याकडून आत शिरले की रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत : रोड नंबर १६, २२, २८. आज तिथे काचेचे आयटी पार्क उभे आहेत. पण गल्लीत वळलात की अजून प्रेसचा ठोका ऐकू येतो. पत्रा कापणारे, वाकवणारे, भोके पाडणारे पॉवर प्रेस. किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर, पडवळनगर या वस्त्या या ठोक्यावरच वाढल्या. याच वसाहतीत कामगार विमा योजनेचे रुग्णालयही उभे राहिले. आमच्याकडे त्याला कुणी ईएसआय म्हणते, कुणी नुसते कामगार हॉस्पिटल.

या योजनेची आखणी ज्यांनी केली त्यांचे नाव प्रा. बी. पी. अदारकर. १९४३ साली सरकारने त्यांना कामाला लावले आणि १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. अहवालातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. पण प्रेसखाली बोट गेले की काय, हा प्रश्न विलीन झालेला नाही.

१९४८ च्या कायद्याला जोडलेली दुसरी अनुसूची मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता. माणसाच्या हाताचा तो भावफलक आहे. अंगठा गेला, ३० टक्के. एका हाताची तर्जनी पूर्ण गेली, १४. मधले बोट, १२. करंगळी किंवा अनामिका, ७. एका हाताची दोन बोटे, २० टक्के. तीन, ३० टक्के. चारही, ५० टक्के. हाड न जाता तर्जनीचे नुसते टोक छाटले गेले, तर ५. ही टक्केवारी म्हणजे कमावण्याची शक्ती किती गेली त्याचे माप. कामगाराच्या सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के हा पूर्ण दर; त्यातली तेवढी टक्केवारी त्याला तहहयात मिळायची.

हिशेब करून पाहा. रोज ५०० रुपयांवर काम करणाऱ्याचा पूर्ण दर ४५०. दोन बोटे गेली तर त्याचे २० टक्के, म्हणजे दिवसाला ९० रुपये, महिन्याला २,७०० च्या घरात. अपंगत्वाच्या इतर सरकारी सवलतींना सहसा ४० टक्क्यांची अट असते. संजय गांधी निराधार योजनेच्या दारात हा दोन बोटांचा माणूस उभाही राहू शकत नाही. त्याच्यासाठी जे काही आहे ते कामगार विम्यातच आहे.

अनुसूचीत ज्या जखमेचा आकडा छापलेला आहे तिथे वादाला जागा कमी. पण हात चिरडला, बोटे राहिली आणि मूठ मिटत नाही; पाठीत कळ आहे आणि एक्स-रेत काही दिसत नाही; अशा वेळी मेडिकल बोर्ड आकडा ठरवते. दहा लिहायचे की पंधरा? या पाच टक्क्यांचे आपल्या ५०० रुपयेवाल्याला दिवसाला साडेबावीस रुपये होतात, वर्षाला ८,२०० च्या वर. केंद्राच्या नोकराच्या तदर्थ बोनसपेक्षा जास्त. आणि बोनस वर्षाचा असतो, हे पाच टक्के जन्माचे. वयाच्या तिशीत हात गमावलेल्याला पुढच्या तीस वर्षांत अडीच लाखांच्या आसपासचा फरक. असा आकडा लिहिणाऱ्या हाताला 'कमी लिहिलेस तर शाबासकी' असे कुणी कधी सांगू नये, यासाठी मी त्या उत्पादकतेशी न जोडलेल्या बोनसला मनोमन नमस्कार करतो.

मग आपल्याकडे सारे आलबेल आहे काय? अजिबात नाही. आपल्याकडे 'नाही' असे क्वचितच म्हणतात. आपल्याकडे 'अजून आले नाही' असे म्हणतात.

आमच्या शेजारचा एक प्रेस ऑपरेटर. २०१८ साली, रात्रपाळीत, उजव्या हाताची दोन बोटे डायखाली गेली. प्रेसला गार्ड होता, पण माल लवकर निघावा म्हणून तो काढून ठेवलेला. मालकाने त्याला रिक्षात घालून एका खासगी नर्सिंग होममध्ये नेले, बिल भरले, वर दोन हजार रुपये हातावर ठेवले आणि सांगितले, "घरी मिक्सरमध्ये गेली म्हणून सांग. तुझी नोकरी मी सांभाळतो." विमा योजनेत त्याचे नावच घातलेले नव्हते. ओळखीच्या एका निवृत्त टाइमकीपरने नेट लावला म्हणून अपघाताचा अहवाल गेला. तोही कसा? एकदा तारीख चुकीची, एकदा साक्षीदाराची सही नाही. बोर्डापर्यंत पोचायला सात महिने लागले. मी दोन-तीनदा त्याच्यासोबत गेलो होतो. खिडकीवरचा माणूस सज्जन होता, "बसा" म्हणायचा. तो तरी काय करणार? कारखान्याकडून कागदच आलेला नसे.

असे फक्त ठाण्यातच होते असेही नाही. हरियाणातल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटे गमावलेल्या कामगारांना मदत करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून आपले अहवाल काढते. पॉवर प्रेस हेच तिथले मोठे कारण, आणि विम्याचे कार्ड हाती पडते ते बरेचदा अपघात झाल्यानंतर! खरे तर नोकरीतल्या जखमेसाठी किती महिने वर्गणी भरली ही अट नाहीच. नोकरीच्या पहिल्या दिवशी बोट गेले तरी हक्क आहे. हे मालकाला ठाऊक असते, कामगाराला नसते.

सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात सगळ्याच केंद्रीय कर्मचाऱ्यांना कामगिरीशी निगडित वेतन द्यावे अशी शिफारस केली होती. आता न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या आठव्या आयोगासमोर वेतनाबरोबर हा विषय पुन्हा येणार. कामगिरीला बक्षीस द्यायला माझी ना नाही. मोजा, पण दिवस मोजा. अपघाताच्या तारखेपासून पहिला पैसा हातात पडेपर्यंत किती दिवस गेले? कारखान्याचा कागद आला नाही तर खिडकीमागच्या माणसाने स्वतः उठून फोन केला का, पत्र धाडले का? किती मंजूर आणि किती नामंजूर, हा रकाना त्या तक्त्यात असताच कामा नये. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला, त्यात मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. म्हणजे दिवस मोजणे सरकारला जमत नाही असे नाही. मात्र हा कायदा राज्याच्या सेवांचा. केंद्राच्या विमा महामंडळाची खिडकी त्यात येत नाही.

आणि बोनसचीच गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतो. १९६५ च्या बोनस कायद्यात, चौदाव्या कलमात, एक ओळ होती. कामावर झालेल्या अपघाताने कामगार घरी बसला असेल तर ते दिवसही बोनससाठी कामाचेच दिवस धरायचे. म्हणजे त्या सात महिन्यांतल्या जितक्या दिवसांवर डॉक्टरांनी सही केली होती, तितक्या दिवसांचा बोनस माझ्या शेजाऱ्याचा होता. त्याच्या मालकाने त्या दिवाळीला सगळ्या कामगारांना मिठाईचा अर्धा किलोचा पुडा दिला. शेजाऱ्याचा पुडा त्याचा मुलगा जाऊन घेऊन आला. डाव्या हाताने सही करायची सवय अजून व्हायची होती.