दार कोणाचं ठोठावायचं?

गावाच्या आराखड्यातल्या पैशांचा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण घोडेगावहून एका शिक्षिकांचं पत्र आलं आहे. त्या विचारतात, ‘मतदारयादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य. मग माझ्या दहावीच्या मुलांनी अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत करायचं काय?’ माझ्या फार जिव्हाळ्याचा प्रश्न आहे हा. आजचा लेखांक त्यालाच.

मला सगळ्यात पटलेलं उत्तर अमेरिकेतल्या ज्यू समाजात सापडलं. त्यांच्या परंपरेत तेराव्या वर्षी मुलगा धर्माच्या दृष्टीनं जबाबदार मानला जातो. तिथल्या रिफॉर्म ज्यूंचं ‘रिलिजस ॲक्शन सेंटर’ १९६१ पासून वॉशिंग्टनमध्ये काम करतं. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा, या दोन्हींच्या मसुद्याचा काही भाग या केंद्राच्या इमारतीत लिहिला गेला. हे केंद्र हायस्कुलातल्या मुलांसाठी ‘लताकेन’ नावाचं शिबिर भरवतं. शुक्रवारी मुलं येतात, एकेक प्रश्न निवडून त्याचा अभ्यास करतात आणि छोटं भाषण लिहितात. त्यात स्वतःचा अनुभव असतो आणि शेवटी एक नेमकी मागणी. सोमवारी हीच मुलं आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात जाऊन ते भाषण समोरासमोर करतात. मत द्यायचं वय झालेलं नसतं, तरी त्यांचं ऐकून घेतलं जातं.

जसं वयाचं, तसंच संख्येचंही: मतं थोडी असली, तरी ऐकून घेतलं जातं. महाराष्ट्रातले ज्यू, म्हणजे मुख्यतः कोकणातून आलेले बेने इस्रायली, आज काही हजारच उरलेत. त्यांच्या मतांवर कुठली जागा निवडून येत नाही. तरीही मागणी लावून धरली आणि जून २०१६ मध्ये राज्यानं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

आता बाईंच्या घोडेगावकडे, म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्याकडे येऊ. उसाच्या कडेनं शाळेत चालत जाणाऱ्या मुलांना बिबट्याची भीती काय असते, ते सांगायला नको. पण ‘बिबट्याचा बंदोबस्त करा’ हा अर्ज नेमका कोणाला द्यायचा? इथंच मोठी माणसंही चुकतात. पिंजरा आणि गस्त हा वन विभागाचा विषय. रात्री पाणी भरायला शेतात जावं लागू नये म्हणून दिवसा वीज हवी, तर तो महावितरणचा. शाळा सुटल्यावर लगेच एसटी मिळावी, तर आगार व्यवस्थापकांकडे जायचं. वाटेवरची झुडपं काढणं आणि दिवे लावणं ग्रामपंचायतीकडे. चार मागण्या, चार दारं. प्रत्येक दारी वेगळा अर्ज, अर्जात एकच मागणी, आणि मुलांनी स्वतः लिहिलेला आपल्या रोजच्या वाटेचा अनुभव. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचीच. आवक क्रमांक नसलेला अर्ज कार्यालयाच्या लेखी दिलेलाच नसतो.

पुढचं पाऊल पुष्कळांना माहीत नसतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नागरिकाला वयाची अट घातलेली नाही. दहावीतली मुलगीही दहा रुपये भरून ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली?’ असं विचारू शकते, आणि तीस दिवसांत उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक असतं.

बाई, तुमच्या शाळेत हे असं करता येईल. ग्रामसभेच्या आधी बालसभा घ्या. पंचायतींसाठी ठरवलेल्या नऊ विषयांत ‘बालस्नेही गाव’ हा एक आहे, म्हणून सरपंचांकडे हक्कानं वेळ मागा. मुलांनाच बोलू द्या. त्यांचं म्हणणं गोड करून सांगायला जाऊ नका. ज्यांची सतरा वर्षं पूर्ण झालीत, त्यांच्याकडून मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरून घ्या. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना वय धरलं जातं, त्यामुळे नाव लागायला वर्षभर थांबावं लागत नाही.

जिनं पंधराव्या वर्षी पोच घेतली, ती अठराव्या वर्षी ग्रामसभेत नुसती सही करून घरी जाणार नाही. आराखड्यातला पैसा कुठे गेला, हे ती विचारेल. तो हिशेब पुढच्या आठवड्यात.